कटर-स्प्रेडर मिळाला, आता सराव कुठून सुरू करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कशेडी घाटाच्या पायथ्याशी वीस-बावीस जणांचं स्वयंसेवी पथक आहे. महामार्गावर अपघात झाला की नगरपालिकेचा बंब पोहोचायला अर्धा-पाऊण तास जातो. एका कारखान्याने पथकाला अपघातग्रस्त गाडीत अडकलेल्यांना सोडवायचा संच दिला: हायड्रॉलिक कटर (पत्रा कापणारा), स्प्रेडर (फट फाकवणारा), रॅम (ढकलणारा दांडा) आणि त्यांना तेलाचा दाब देणारा, पेट्रोलवर चालणारा पंप. विक्रेत्याने दोन तास प्रात्यक्षिक दाखवलं आणि तो गेला. आता काय शिकायचं, कोणत्या क्रमाने, आणि नेमकं कुठे चुकतं?

संच पहिले दोन महिने पेटीतच राहू द्या. दरवाजा फोडणं, पिलर (गाडीचं छत पेलणारे खांब) कापणं हे हत्यार हातात आलं की तरणी पोरं आठवड्यात शिकतात. त्याआधी रस्ता अडवणं, गाडी हलू न देणं आणि आतल्या माणसाला सांभाळणं येत नसेल, तर तोच कटर जखमीला आणि तुमच्यातल्या कुणाला तरी महागात पडतो. म्हणून क्रम तसाच ठेवतो.

रस्ता

बचाव करणाऱ्याला सर्वांत मोठा धोका मागून येणाऱ्या वाहनाचा असतो. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. म्हणजे तुमचा पहिला शंकू १०० मीटरवर असेल तर चालकाला साडेचार सेकंद मिळतात, आणि पावसात भरलेल्या ट्रकला ते पुरत नाहीत. घाटात अंतरापेक्षा वळण महत्त्वाचं. पहिला शंकू आणि झेंडीवाला वळणाच्या अलीकडे हवा, म्हणजे अपघात दिसण्याआधी माणूस दिसला पाहिजे. उतारावरून येणाऱ्या बाजूला दुप्पट अंतर द्या, कारण तापलेल्या ब्रेकचा ट्रक तिकडूनच येतो. झेंडीवाल्याने रहदारीकडे पाठ करायची नाही आणि कठड्याच्या पलीकडे उडी मारायला जागा आहे का, हे उभं राहण्याआधीच बघायचं.

तुमची गाडी अपघातग्रस्त वाहनाच्या अलीकडे, रहदारीच्या बाजूला, तिरकी लावा. पुढची चाकं कामाच्या जागेपासून बाहेरच्या दिशेला वळवलेली असू द्या, म्हणजे मागून धडक बसलीच तर ती तुमच्या माणसांवर ढकलली जाणार नाही. १०८ ची रुग्णवाहिका मात्र अपघाताच्या पुढच्या बाजूला लावायला सांगा. जखमी चढवून तिला सरळ निघता येतं. ११२ आणि १०८ ला फोन करताना घाटाचं नाव पुरत नाही, किलोमीटरचा दगड आणि कुठल्या दिशेची मार्गिका ते सांगा.

मग फेरी. एकाने वाहनाला जवळून, दुसऱ्याने दहा-पंधरा मीटरवरून उलट दिशेने चक्कर मारायची. जवळचा बघतो: किती जण, कोण शुद्धीत, पेट्रोल गळतंय का, सिलिंडर आहे का, गाडी कशावर टेकली आहे. लांबचा बघतो: झुडपात फेकला गेलेला माणूस, गटारात पडलेली दुचाकी, वर लोंबणारी विजेची तार. घाटात काचेतून बाहेर फेकलेली माणसं दरीच्या बाजूला सापडतात, आणि सीटखाली सरकलेलं लहान मूल हमखास नजरेतून सुटतं. गाडीत बाळाची दुधाची बाटली, छोटी चप्पल दिसली की मूल सापडेपर्यंत शोध थांबवू नका.

तुमच्या पट्ट्यात महाड आणि लोटे परशुराम या दोन औद्योगिक वसाहतींची टँकरची वाहतूक आहे, म्हणून एक सवय सक्तीची करा. टँकर दिसला की आधी दुरून पाटीवरचा चार आकडी क्रमांक वाचायचा. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ एलपीजी, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन. शेवटच्या तिन्हींत गळती असेल तर ते काम तुमचं नाही. वाऱ्याच्या वरच्या अंगाला जा, लोकांना हटवा, क्रमांक फोनवर कळवा. मोबाइलच्या कॅमेऱ्याचा झूम यासाठी दुर्बिणीइतकाच कामाचा आहे.

गाडी स्थिर करणं

चार चाकांवर उभी असलेली गाडीसुद्धा स्थिर नसते. तुम्ही आत वाकलात की ती शॉकअपवर बसते, उठलात की वर येते, आणि आतल्या माणसाच्या मानेला तो प्रत्येक हेलकावा बसतो. त्यासाठी दोन्ही बाजूंना उंबऱ्याच्या (दारांखालच्या) पत्र्याखाली, पुढच्या आणि मागच्या दाराच्या टोकाशी, असे चार ठिकाणी पायऱ्यांचे ठोकळे सरकवायचे. मग टायरच्या वॉल्व्हची पिन काढून हवा सोडायची, गाडी आपोआप ठोकळ्यांवर बसते. टायर कापू नका. एक बाजू धाडकन खाली येते, आणि नंतर पोलिसांना टायर अपघातात फुटला की तुम्ही फोडला, हेही कळत नाही.

ठोकळे तुम्ही स्वतः बनवू शकता. चार इंच बाय चार इंच, लांबी अठरा ते वीस इंच, असे किमान चोवीस. दोन बाय चारचे बारा. आणि त्याच लाकडाच्या सोळा पाचरी. बाभळीसारखं चिवट लाकूड घ्या. गाठी असलेला किंवा उभी भेग गेलेला तुकडा नको. रंग द्यायचा तर फक्त टोकांना द्या, कारण रंगवलेलं अंग ओलं झालं की घसरतं. दोन आडवे, त्यावर दोन उभे अशी चौकट रचताना प्रत्येक ठोकळ्याचं टोक चार इंच बाहेर राहिलं पाहिजे. टोकाशी भार आला तर लाकूड उभं फाटतं आणि एकदम निसटतं. आत भार असेल तर आधी करकरतं, चेपतं, म्हणजे तुम्हाला इशारा मिळतो. चौकटीची उंची तिच्या रुंदीच्या तिपटीपेक्षा जास्त कधीच नको, उतारावर दुपटीपेक्षा नको. पाचर हाताने किंवा दुसऱ्या पाचरीने ठोकायची, खाली बोटं घालायची नाहीत. अंगठे इथेच जातात.

कुशीवर पडलेली गाडी सगळ्यात फसवी. छताच्या बाजूला दोन तिरके टेकू आणि तळाच्या बाजूला पाचरी, असा त्रिकोण झाल्याशिवाय आत कुणी डोकं घालायचं नाही. तयार टेकू नसतील तर दणकट बांबूची शिडी किंवा लोखंडी पाइप आणि रॅचेट बेल्ट चालतो, पण टेकूचा पाय जमिनीवर बेल्टने गाडीला परत बांधलेला हवा, नाहीतर तो मागे सरकतो. उलटी पडलेली गाडी बहुधा बॉनेटच्या टोकावर आणि छतावर टेकलेली असते. बॉनेट आणि जमीन यांमधली पोकळी, डिकी आणि जमीन यांमधली पोकळी ठोकळ्यांनी भरा. काम चालू असताना दर पाच मिनिटांनी एकाने सगळ्या पाचरी हाताने हलवून बघायच्या; पत्रा कापला की भार सरकतो आणि घट्ट बसलेली पाचर सैल होते.

वीज, एअरबॅग, सीएनजी

बॅटरी काढायच्या आधी बॅटरीकडून काम करून घ्या: काचा खाली, दारांचं लॉक उघडं, विजेवरची सीट मागे. मग इग्निशन बंद, आणि १० नंबरच्या पान्याने आधी ऋण टोक, नंतर धन. बटणावर सुरू होणारी गाडी असेल तर चावी शोधून दहा पावलं लांब नेऊन ठेवा.

बॅटरी काढली तरी एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ वीज साठून असते. न फुटलेल्या एअरबॅगपासून अंतर ठेवायचा नियम इंचांत लक्षात ठेवा: बाजूची ५, स्टिअरिंगची १०, पुढच्या प्रवाशाची २०. डोकं, हत्यार, ठोकळा, काहीही त्या जागेत ठेवायचं नाही. पिलर कापण्याआधी आतलं प्लास्टिक उपटून बघायचं. खिडकीवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगचा गॅसचा छोटा नळकांडा छताच्या कडेला किंवा मागच्या पिलरमध्ये असतो. कटरचं पातं त्यावर पडलं तर तो फुटतो. सीटबेल्ट ओढून घेणारी यंत्रणा मधल्या पिलरच्या तळाशी असते, तिथेही कापायचं नाही. प्लास्टिक उपटायला दहा सेकंद लागतात, तरी घाईत सगळ्यात आधी हीच पायरी गाळली जाते.

सीएनजीच्या लहान गाड्यांत सिलिंडर बहुधा डिकीत, मागच्या सीटच्या पाठीशी असतो आणि भरलेला असताना त्यात २०० बारचा दाब असतो. सिलिंडरच्या तोंडाशी हाताने बंद करायचा वॉल्व्ह आहे. मागून धडक बसली असेल तर डिकी उघडत नाही, म्हणून मागची सीट पाडून आतून हात घालण्याचा सराव करा. सीएनजी हवेपेक्षा हलका, वर जातो. कुशीवर पडलेल्या बंद गाडीत वरच्या दाराशी साठतो. एलपीजी जड, तो गटारात आणि खोलगट जागेत वाहत जाऊन बसतो. वास येत असेल तर तुमच्या संचाचा पेट्रोल पंप चालूच करायचा नाही, हे आधी ठरलेलं असू द्या. विजेच्या गाडीतली नारिंगी केबल कापायची नाही आणि तळाच्या पेटीला रॅम टेकवायचा नाही. तिची बॅटरी चेपली असेल तर ती नंतरही पेट घेऊ शकते, म्हणून ती गाडी इतर गाड्यांसारखीच समजू नका.

आगीसाठी बंब येईपर्यंत ६ किलोचे दोन डीसीपी (कोरड्या पावडरचे आग विझवायचे) सिलिंडर, पिन काढून, दोन बाजूंना दोन माणसांच्या हातात. गाडीत नव्हे, हातात.

आतला माणूस

गाडी टेकवून झाली की सगळ्यात शांत स्वभावाचा, प्रथमोपचार शिकलेला एक जण आत जातो आणि शेवटपर्यंत आतच राहतो. तो मागच्या सीटवर बसून दोन्ही हातांनी जखमीचं डोकं धरतो, श्वास बघतो, वाहतं रक्त दाबतो आणि बोलत राहतो. "काका, आता काच फुटल्याचा मोठा आवाज येईल, घाबरू नका, मी धरून आहे." प्रत्येक आवाजाआधी सांगायचं. जखमी घाबरून हिसका मारतो तेव्हा मान हलते.

जखमीवर आधी जाड चादर, मग हत्यार आणि शरीर यांच्यामध्ये कडक फळी: जाड प्लास्टिकचा पत्रा किंवा प्लायवूडचा तुकडा. चादर काचेचे तुकडे अडवते, कटरचं टोक अडवत नाही. दोन्ही लागतात.

एक जुना समज सोडून द्या. प्रत्येक जखमीला छत कापून, फळीवर सरळ ओढूनच काढायला हवं, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. ब्रिटनमध्ये सेन्सर लावून मोजमाप झालं तेव्हा दिसलं की, जो माणूस स्वतःच्या पायाने गाडीतून उतरू शकतो त्याची मान स्वतः उतरतानाच सगळ्यात कमी हलते. म्हणून आधी चार गोष्टी विचारा: सांगितलेलं कळतंय का, हात-पाय हलतात का आणि संवेदना आहे का, निदान एका पायावर उभं राहता येईल का, काही अडकलेलं नाही ना. चारही ठीक असतील तर दार पूर्ण उघडून, दोघांनी आधाराला उभं राहून, त्याला सावकाश स्वतः उतरू द्या. अर्धं काम इथेच संपतं आणि कटरला हात लागत नाही.

उरलेल्यांचे दोन प्रकार. एक कोंडलेला: दारं जाम, पण शरीर मोकळं. दुसरा दाबलेला: डॅशबोर्ड, स्टिअरिंग किंवा पेडल अंगावर. पहिल्यासाठी वाट करायची, दुसऱ्यासाठी जागा. दोन्हींत दोन योजना एकाच वेळी मनात हव्यात: पंधरा-वीस मिनिटांत नीट काढण्याची, आणि श्वास थांबला, आग लागली तर लगेच ओढून काढण्याची. दुसऱ्या योजनेची वाट पहिल्याच पाच मिनिटांत मोकळी करून ठेवा.

हत्यार

या संचांत तेलाचा दाब ७०० बारच्या आसपास असतो. होजला (तेलाच्या नळीला) सुईएवढं भोक पडलं आणि तिथून निघालेली धार हातमोज्यातून बोटात शिरली, तर वरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि फारसं दुखतही नाही; पण आत तेल पसरतं आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जातं. म्हणून गळती हाताने चाचपडायची नाही आणि असा माणूस "काही झालं नाही" म्हणाला तरी थेट सर्जनकडे न्यायचा. होजवरून गाडी नेऊ नका, होज धरून हत्यार उचलू नका.

काच: बाजूच्या काचा कडक असतात, खालच्या कोपऱ्यात पंच मारला की चुरा होतो. जखमीपासून सर्वांत लांबची आधी. पुढची काच दोन थरांची, तिला करवत लागते आणि बारीक धूळ उडते. जखमीला आणि कापणाऱ्याला मास्क.

दार: नवशिके स्प्रेडरची टोकं कुलपाजवळच्या फटीत कोंबतात. पत्रा फाटतो, टोकं निसटतात, दार जागेवरच. आधी फट मोठी करायला हवी. खिडकीच्या चौकटीत स्प्रेडर उभा धरून, एक टोक छताच्या कडेला आणि एक दाराच्या वरच्या काठावर ठेवून उघडा. दार खाली दबतं आणि कुलपाशी बोटभर फट पडते. मग टोकं कुलपाच्या जितकी जवळ जातील तितकी आत घालून उघडायचं. पत्रा फाटायला लागला की थांबा, मिटा, आणखी खोल बसवा. कुलूप सुटतं तेव्हा दार हिसक्याने उडतं, म्हणून एकाने त्याला दोर बांधून धरलेलं हवं. स्प्रेडर चालवणाऱ्याने हत्यार आणि गाडी यांच्या मध्ये कधी उभं राहू नये. वीस किलोचं धूड फिरलं की बरगड्या तिथेच मोडतात.

पिलर कापताना पातं पिलरला काटकोनात. कटर हातात वळायला लागला तर लगेच सोडा आणि पुन्हा बसवा. जोर लावला की पातं तिरकं ताणलं जाऊन तुकडा उडतो. नव्या गाड्यांच्या मधल्या पिलरमध्ये फार कडक पोलाद असतं आणि जुना किंवा लहान कटर ते दाबतो, कापत नाही. अशा वेळी हात-दीड हात वर छताच्या कडेला जा, किंवा पिलर सोडून दुसरी वाट घ्या. छत उचलण्याआधी सगळे सीटबेल्ट कापले का, हे मोठ्याने विचारायचं. बेल्टला अडकून छत जखमीवर परत येतं. कापलेल्या टोकांवर जुन्या होजचे तुकडे चढवा.

डॅशबोर्ड ढकलणं हे खरं कौशल्याचं काम. छत किंवा निदान पुढचा पिलर वर कापलेला हवा. मग पुढच्या पिलरच्या तळाशी, उंबऱ्याला जिथे तो मिळतो तिथे, एक काप द्यायचा. त्या कापाखाली ठोकळे घट्ट भरायचे. मागच्या बाजूला मधल्या पिलरच्या तळाशी रॅमचा एक पाय जाड आधारावर, दुसरा पुढच्या पिलरवर वरच्या बिजागरीच्या उंचीला. कापाखाली ठोकळे नसतील तर रॅम डॅशबोर्ड पुढे न ढकलता उंबराच खाली वाकवतो, आणि तुम्हाला वाटतं काम चाललंय. रॅमचा पाय नुसत्या पत्र्यावर असेल तर तो आरपार घुसतो. इंच-इंच ढकला. आतला माणूस जखमीच्या गुडघ्यांवर आणि पावलांवर डोळा ठेवून असतो, कारण वर डॅशबोर्ड सुटत असताना खाली पेडल उलटं आवळू शकतं.

आणि हे सगळं करण्याआधी सीट मागे सरकते का बघा, पाठ खाली पाडा, बूट कापून पाऊल मोकळं होतं का बघा. तीन-चार इंच असेच मिळतात. सीटच्या लिव्हरला हात न लावता थेट रॅम काढणारी पथकं कमी नाहीत.

ट्रक

तुमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रसंग हा असेल: उभ्या किंवा हळू चढणाऱ्या ट्रकला मागून दुसऱ्याने ठोकलंय, आणि मागच्या ट्रकचा ड्रायव्हर मांडीपर्यंत डॅशबोर्ड आणि सीट यांच्या चिमट्यात. तुम्ही पोहोचेपर्यंत गर्दीने हायड्रा (चाकांवरची क्रेन) मागवलेला असतो आणि केबिनला साखळी बांधायची तयारी चाललेली असते. हे थांबवणं तुमचं पहिलं काम. साखळी ज्या पत्र्याला बांधली तो सुटून येतो, किंवा सगळी केबिन वळते आणि अडकलेले पाय तिच्याबरोबर वळतात. स्टिअरिंगला बांधून ओढणं त्याहून वाईट: दांडा मध्येच मोडला तर तो कुठे जाईल हे कुणालाच सांगता येत नाही. गर्दीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला किंवा दुसऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला हाताशी धरा आणि त्याच्याकरवी लोकांना मागे घ्या. तुम्ही ओरडून उपयोग होत नाही, त्याचं ऐकतात.

आधी दोन्ही ट्रकच्या चाकांना उटी (चाक अडवायचे ठोकळे) लावा; हवेचा दाब गेला की ब्रेक लागलेलेच असतील यावर विसंबू नका. केबिन चासीवर रबर किंवा स्प्रिंगवर बसलेली असते आणि पुढे कलंडू शकते, म्हणून ती रॅचेट बेल्टने चासीला आवळा, आणि केबिन व चासी यांमध्ये ठोकळे भरा. बॅटरी २४ व्होल्टची, दोन जोडलेल्या. बॅटरीपेटीजवळ तोडणारा स्विच असेल तर तो वापरा. जुन्या डिझेल इंजिनाला बॅटरी काढून फरक पडत नाही, ते चालूच राहतं. त्याची बंद करायची केबल ओढावी लागते.

उंचीचा प्रश्न वेगळाच. ट्रकचं दार तुमच्या छातीच्या वर असतं आणि खांद्यावर कटर धरून पाच मिनिटंही काम होत नाही. टेम्पो किंवा पिकअप मागे लावून त्याच्या हौद्यात उभं राहा, चाकं अडवा. हा मंच आधीच ठरलेला हवा. ऐनवेळी शोधायला गेलात तर वीस मिनिटं जातात.

मग दार बिजागरीसकट काढा, पुढच्या खांबाला तळाशी काप द्या आणि दाराच्या चौकटीत रॅम तिरका लावा: मागचा पाय खालच्या मागच्या कोपऱ्यात, पुढचा वरच्या बिजागरीशी. सीट केबिनच्या तळाला बोल्टने जखडलेली असेल तर तिची पाठ आणि पायांची चौकट कापून मागे घ्या. दोन ट्रक वेगळे करावेच लागले तर पाय मोकळे झाल्यावर, आणि अगदी सावकाश, टिरफॉरने (हाताने चालवायच्या तारेच्या विंचने). हायड्राला सावकाश ओढणं जमत नाही, तो एकतर थांबतो नाहीतर ओढतो. ओढत असताना आतला माणूस "थांब" म्हणाला की सगळं थांबलं पाहिजे. "थांब" हा शब्द पथकात कुणीही, अगदी कालच्या पोरानेही, उच्चारला तरी हत्यार बंद, असा नियमच करा.

पाय तासाभराहून जास्त दाबलेले असतील तर मोकळे करण्याआधी रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना सांगा. दाब सुटल्यावर पायात अडलेलं रक्त आणि त्यातले विषारी पदार्थ एकदम शरीरात जातात, हृदय थांबू शकतं. आधी सलाईन चालू करायचं की काय, ते त्यांनी ठरवायचं. बोलता-बोलता, "आता बरं वाटतंय" म्हणणारा ड्रायव्हर बाहेर काढल्यावर दोन मिनिटांत कोसळतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं; नाहीतर पत्र्याने दाबून धरलेली रक्तवाहिनी मोकळी झालेली असते. म्हणून मांडीवर आवळायचा पट्टा आधीच सैल गुंडाळून तयार ठेवा.

वर्षाचा आराखडा

आठवड्याला एक सराव, दोन तास. पहिले दोन महिने रस्ता, फेरी, ठोकळे, आणि एकमेकांना जखमी समजून डोकं धरणं. पथकातल्या कुणाच्या तरी चालत्या गाडीवर हे सगळं होतं, भंगार लागत नाही. तिसऱ्या महिन्यापासून भंगार गाडी.

भंगारवाल्याकडून गाडी घेताना आरटीओची नोंदणी रद्द झालेली असल्याचा कागद मागा. पेट्रोल, बॅटरी, सीएनजीचा सिलिंडर आणि न फुटलेल्या एअरबॅग काढून मगच पथकाच्या हवाली करा. एक गाडी सहा-सात सरावांना पुरते, क्रम बरोबर असेल तर. आधी काचा, मग एक मागचं दार कुलपाच्या बाजूने, दुसरं बिजागरीच्या बाजूने, मग एका बाजूचं पुढचं दार आणि मधला पिलर एकत्र, मग डॅशबोर्ड ढकलणं, शेवटी दुसऱ्या बाजूने छत. छत आधी कापलं की उरलेली गाडी लुळी पडते आणि पुढचे सराव खोटे ठरतात. शेवटच्या सांगाड्यावर कुशीवर आणि उलट्या पडलेल्या गाडीचे टेकू शिका. जेसीबीवाल्याला सांगून गाडी आधी थोडी चेपून घ्या. धड गाडीचं दार उघडणं फार सोपं वाटतं आणि चुकीचा आत्मविश्वास देतं.

पाचव्या महिन्यानंतर रात्रीचे आणि पावसातले सराव. पावसात पेट्रोल पंप उतारावर तिरका ठेवला की इंजिनाचं तेल एका बाजूला जातं आणि पंप बंद पडतो किंवा जळतो. त्याच्यासाठीही ठोकळे रचून सपाट जागा करावी लागते, हे तेव्हाच कळतं. पीव्हीसीचा रेनकोट घालून कापणं बंद करा, तो होजला अडकतो आणि ठिणगीने वितळतो.

माणसं सहा पुरतात: एक प्रमुख, दोन हत्यारावर, एक आत, एक ठोकळे आणि फळ्यांवर, एक रस्त्यावर. बाकीचे हत्यारं मांडायला आणि आळीपाळीला. प्रमुखाने हत्याराला हात लावायचा नाही. त्याने कटर हातात घेतला की त्याला फक्त तो पिलर दिसतो. खाली ताडपत्री पसरून सगळी हत्यारं तिच्यावरच ठेवायची आणि तिथेच परत आणायची. अंधारात गवतात ठेवलेली पाचर सापडत नाही.

कायदा आणि नंतरचं काम

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं. कोणताही मोबदला न मागता, सद्हेतूने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर जखमीला झालेल्या इजेबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. २०२० च्या नियमांनुसार पोलीस किंवा रुग्णालय तुमचं नाव-पत्ता सांगायची सक्ती करू शकत नाहीत. तरी पथक म्हणून तुम्ही वारंवार दिसणार आहात, तेव्हा तालुक्याच्या तहसीलदाराकडे आणि पोलीस ठाण्यात पथकाची यादी आधीच देऊन ठेवा. पहिला काप देण्याआधी चारही बाजूंनी गाडीचे फोटो काढा, ते तपासाला लागतात. जखमीचा चेहरा त्यांत येऊ देऊ नका आणि हे फोटो व्हॉट्सॲपवर फिरले तर त्या माणसाला पथकातून काढा.

परत आल्यावर पंप थंड होईपर्यंत हत्यारं साबणाच्या पाण्याने धुवा. रक्त लागलं असेल तर आधी ब्लीचच्या पाण्याने पुसा, लाकडी ठोकळ्यात रक्त मुरलं असेल तर तो ठोकळा टाकून द्या. पात्यांना बारीक चीर आहे का ते उजेडात बघा, मधला बोल्ट उत्पादकाने दिलेल्या मापाने आवळा. कटर-स्प्रेडर पूर्ण मिटून ठेवू नका, टोकांमध्ये बोटभर फट ठेवा, म्हणजे आत दाब अडकून राहत नाही. रॅमही शेवटपर्यंत न मिटता थोडा उघडा. पंपातलं पेट्रोल महिन्याला बदला आणि आठवड्याला पाच मिनिटं पंप चालवून तिन्ही हत्यारं एकदा पूर्ण उघडा-मिटा. ज्याने हे केलं त्याने वहीत तारीख आणि सही करायची, आणि ती वही संचाच्याच पेटीत राहू द्या.